डॉक्टरांनी वापरलेली गाडी

जुनी डिझेल गाडी घेताना काय काय तपासावं, यावर माझ्याकडे बेचाळीस मुद्द्यांची टाइप केलेली यादी आहे. कुणाला हवी असल्यास झेरॉक्स मिळेल. फक्त ती यादी हातात धरून मी स्वतः जी गाडी घेतली तिच्याबद्दल मला काही विचारू नये, एवढी एकच अट आहे. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या ओळीत ही अट आजवर एकानेही पाळलेली नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. माल तयार होऊन माझ्या टेबलावर येतो, मी त्याला मापाचा कॅलिपर लावतो आणि बहुतेक वेळा 'नापास'चा शिक्का मारतो. माझं नाव महेश आहे हे पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, सगळे 'नापास साहेब' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. बावीस वर्षांत खोट्या मालावर मी 'पास' मारलेला नाही, मोठे साहेब समोर उभे असताना नाही आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीही नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, माझं हे आहे.

घरात मात्र शिक्का माझ्या सासऱ्यांच्या हातात आहे. चिमाजी मामा नामपूरचे, झेंडू आणि कांदा पिकवणारे. मुलगा बघायला आले तेव्हा त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, माझे तळहात उलटसुलट करून पाहिले, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग मध्यस्थाकडे वळून म्हणाले, "चाली जाई." म्हणजे चालून जाईल. कारखान्याची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मापात थोडा कमी पडलेला, पण गरज तातडीची म्हणून नाइलाजाने उचललेला माल असतो, त्याच्यावर हा शेरा मारतात. अठरा वर्षं मी त्या शेऱ्यावर संसार करतो आहे.

दोन हजार तीन साली, म्हणजे गेल्याच वर्षी, मामांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पार पिकला. समोरचं माणूस त्यांना आवाजावरून ओळखू यायचं. एकदा ते स्वतःच्याच विहिरीच्या कठड्याला धडकले. नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पावसाळ्याच्या आत ऑपरेशन झालं नाही तर उजव्या डोळ्याची खात्री नाही. आणि मामा तर गेली दोन वर्षं काही ना काही कारण काढत होते. आधी कांदा काढायचा होता, मग कांदा विकायचा होता, मग एस.टी.त धूळ डोळ्यांत जाते असं झालं. शेवटी त्यांनी कायमचा तोडगा काढला. "जवाईबापू सोतानी गाडी लेतीन, तव्हा इसू." जावई स्वतःची गाडी घेतील तेव्हा येईन. हे कधी घडायचं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर माझीही होती.

माझी बायको उज्वला हे ऐकून रडली नाही, भांडली नाही. तिने कॅलेंडर काढलं, आखाजीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आखाजीला गाडी घेऊन जायचं आणि अण्णांना घेऊन यायचं." मामांना ती अण्णा म्हणते. नाशकात अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस खाऊन झोपणे. नामपूरकडे मात्र ती आखाजी. त्या दिवशी लेक माहेरी आली नाही तर गावात चौकशी होते. हातात पाच आठवडे होते.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर होती आणि पेट्रोलही तसंच, म्हणून जुनी आणि डिझेल असं ठरलं. हे ठरवायला आमच्या घरात पाच मिनिटं लागली आणि शेजाऱ्यांना समजायला सहा.

सर्वांत आधी भिकन आबा आले. आबा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मनमाडला रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर होते, तिथून निवृत्त झाले. जगातली सर्व डिझेल इंजिनं रेल्वेच्या इंजिनाची लेकरं आहेत असं त्यांचं मत. "महेशराव, एकच सांगतो. डिझेल इंजिन बंद करायचं नसतं."

"म्हणजे चालवून झाल्यावरही?"

"आमची लोको चार-चार दिवस बंद नाही व्हायची. बंद केलं की इंजिन नाराज होतं."

मी हे यादीत लिहिलं नाही, पण डोक्यात राहिलं.

यादी करायला मी दोन रविवार घालवले. धुराचा रंग : पांढरा, निळा, काळा, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर आतून किती जोरात हवा येते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का. पंप आणि नोझलजवळ डिझेल पाझरतं का. टायर एका बाजूने झिजलेत का. खालचा पत्रा गंजलाय का. आणि सर्वांत महत्त्वाचा पहिला मुद्दा, गाडी थंड असताना स्वतःच्या डोळ्यांदेखत चालू करून बघावी. जुनं डिझेल इंजिन एकदा तापलं की कुणाचंही ऐकतं. खरा स्वभाव कळतो तो सकाळी.

द्वारका चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये सावळीराम नावाचा जुन्या गाड्यांचा एजंट बसायचा. त्याने मला एक पांढरी, चौकोनी, अकरा वर्षांची डिझेल गाडी दाखवली. कंपनीचं नाव सांगत नाही, यात कंपनीचा काही दोष नाही. सावळीराम दुसरं काही बोललाच नाही, फक्त बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे. एकहाती, एकाच मालकाची."

आता हे समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे जुन्या गाडीच्या बाजारात 'डॉक्टरची गाडी' या शब्दांना जे वजन आहे ते हॉलमार्कला नाही. प्राध्यापकाची गाडी म्हणून कुणी जाहिरात देत नाही. वकिलाची म्हटलं तर लोक दोन पावलं मागे सरकतात. पण डॉक्टरची म्हटलं की डोळ्यांसमोर येतं : घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, सावलीत उभी, वेळेवर ऑइल, स्वच्छ हात. मी आरसी बुक मागून घेतलं. त्यावर सटाण्याचा पत्ता आणि नावाआधी स्पष्ट 'डॉ.' होतं. मी मुद्दा क्रमांक दोनवर, म्हणजे आधीच्या मालकावर, बरोबरची खूण केली. डॉक्टर कशाचे, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला गेलो तर बॉनेट कोमट. "उन्हात होती," सावळीराम म्हणाला. सूर्य अजून उगवायचा होता. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेलो, सोबत भिकन आबा आणि उज्वला. या वेळी बॉनेट थंडगार होतं. सावळीरामने ते उघडलं, उजव्या पायातली चप्पल काढली, हातात घेतली आणि इंजिनावर वाकला. मी आणि आबा आदराने दोन पावलं मागे सरलो. माणूस आपल्या धंद्याला देव मानतो, पायात चप्पल ठेवून इंजिनाला हात लावत नाही, हे पाहून मला बरं वाटलं. आत 'थप्' असा काहीसा आवाज झाला. मग त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

धुराच्या नळीवर मी उज्वलाचा पांढरा रुमाल धरला. तो काळा झाला. "रेल्वेच्या मानाने हे दूध आहे," आबा म्हणाले. ऑइलचं झाकण काढून मी तळहात धरला तर हवा आली. "इंजिन श्वास घेतंय," आबा म्हणाले, "घ्यायलाच पाहिजे. नाहीतर मेलं असतं." मी पाठीवर झोपून गाडीखाली शिरलो. तळाला एक जाडसर, कडक, खडबडीत थर होता. गंज कुठेही दिसत नव्हता. मी लिहिलं : 'मुद्दा १७. तळाला जाड संरक्षक लेप. उत्तम.' मागच्या सीटवर, छताच्या कापडाला एक गोल भोक होतं. कॅलिपर लावला, बावीस मिलिमीटर. डॉक्टर तिथे सलाइनची बाटली अडकवत असावेत, असं आमचं तिघांचं एकमत झालं. डिकीत एक मजबूत दोर होता. तो गाडी बंद पडल्यावर टोचन करून ओढायला, असं सावळीराम म्हणाला. मागचा डावा दरवाजा उघडेना, तिथे मी 'कडक आहे, तेल हवे' असा शेरा मारला.

उज्वलाने गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "वास येतोय."

"कसला?"

"फिनेलचा. आणि आणखी कसला तरी, ओळखीचा."

"वहिनी, डॉक्टरची गाडी. औषधांचा वास येणारच," सावळीराम म्हणाला.

"वास हा मुद्दा यादीत नाही," मी म्हणालो. हे वाक्य उज्वलाने पुढे वर्षभर मला दर दोन दिवसांनी ऐकवलं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस मुद्द्यांवर गाडी पास झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातून इतक्या सहज पास झालं होतं, म्हणून मी घरी येताना पेढे घेतले.

गाडी नावावर करायचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे चूक कुणाचीच नव्हती, आणि तेच जास्त लागतं. अर्जासोबत चासी नंबरचा छाप द्यावा लागतो. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. माझ्या कागदावर ढग उमटले. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हा सात आहे की एक?" मी म्हणालो सात. "तुम्ही म्हणता म्हणून कसं चालेल? कागदावर दिसलं पाहिजे." बावीस वर्षं मी हेच वाक्य लोकांना ऐकवत आलो आहे. मला त्या बाईंबद्दल आदर वाटला आणि माझी स्वतःची थोडी दयाही आली.

दुसऱ्यांदा मेणबत्ती घासून गेलो, तेव्हा तेलकट ढग आले. तिसऱ्या खेपेआधी मी उज्वलाचं उलथनं घेतलं आणि नंबरावरचा तो संरक्षक लेप खरवडायला बसलो. ओलसर फडक्याने पुसल्यावर लेप मऊ झाला आणि त्याचा वास सुटला. भिकन आबा भिंतीवरून म्हणाले, "शेण आहे हे, महेशराव." मी म्हणालो, शक्य नाही, गाडी डॉक्टरची आहे. रस्त्यावरून जाताना उडालं असेल. एवढ्या जाडीचं? असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, सटाण्याकडे रस्त्यांवर गुरं फार. मुद्दा सतरा मात्र मी गुपचूप खोडला. तोवर आखाजी दोन दिवसांवर आली होती. खिडकीतल्या बाईंनी पुढच्या आठवड्यात स्पष्ट छाप घेऊन या म्हणून सांगितलं. तेव्हा गाडी माझ्या दारात, पण कागदावर अजून डॉक्टरांची, अशा अवस्थेत आम्ही नामपूरला निघालो. उलथनं उज्वलाने फेकून दिलं आणि नवं मागितलं.

पहाटे ओळीतल्या पोरांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली, त्यानंतर रस्त्यात काही झालं नाही. पिंपळगाव मागे पडलं, सोग्रस फाट्याला वळलो, भावडबारीच्या घाटात गाडीने थोडं कण्हून घेतलं पण चढली. देवळ्याला चहा प्यायला उतरलो तेव्हा आबांचं स्मरण ठेवून मी इंजिन चालूच ठेवलं. हॉटेलवाला दोनदा येऊन सांगून गेला की गाडी चालू राहिलीय. मी हसून मान हलवली. मी मनाशी नामपूरचं दृश्य रंगवत होतो. गल्लीत पांढरी गाडी शिरते, लोक ओट्यावर येतात, मामा हात धरून गाडीत बसतात, आणि अठरा वर्षांचा तो शेरा पुसला जातो.

सटाणा ओलांडलं आणि लोक आम्हाला हात करू लागले. आधी एक सायकलवाला. मग कांद्याच्या ट्रॅक्टरवरचे तिघे. मग शेतात काम करणाऱ्या बायका उभ्या राहून पदराने ऊन अडवत पाहू लागल्या. "माणसं किती प्रेमळ आहेत तुमच्याकडची," मी उज्वलाला म्हणालो. तीही थोडी फुशारली. एका मळ्यापाशी मात्र एक माणूस दोन्ही हात पसरून सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी घाबरून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं.

तो खिडकीशी आला, आत वाकला आणि माझं तोंड पाहून त्याचं तोंड पडलं. "डाक्टर कोठे शेतस?"

"कोण डॉक्टर?"

"गाडी डाक्टरसनी ना ही? ढोरना डाक्टर."

मी उज्वलाकडे पाहिलं नाही. न पाहताही मला कळलं की ती खिडकीबाहेर तोंड करून हसते आहे आणि तिचे खांदे हलताहेत. फिनेल, शेण, दोर, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. अकरा वर्षं ही गाडी बागलाण तालुक्यातल्या एकेका गोठ्यात गेली होती. घर ते दवाखाना नव्हे, गोठा ते गोठा. माझ्या एकोणचाळीस खुणा माझ्याकडे बघत होत्या.

त्या माणसाचं नाव पुंजा. त्याच्या शेळीचं पोट फुगलं होतं आणि नामपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला त्याला वाहन हवं होतं. मी म्हणालो, नेलं असतं, पण गाडी आता बंद पडली, काय करणार. किल्ली फिरवून दाखवली. इंजिनाने नुसता घसा खाकरला. पुंजाने न विचारता बॉनेट उघडलं, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पंपाला दोन सणसणीत ठेवून दिल्या. "आते फिरवा. पंपले चापट मारनी पडस, साऱ्या तालुक्याले म्हाईत शे." गाडी लगेच सुरू झाली. सावळीरामची ती पहाटेची भक्ती मला आठवली आणि माझ्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

पुंजाने शेळी मागच्या सीटवर चढवली. विचारायचा प्रश्न नव्हता, त्याच्या दृष्टीने ती तिचीच जागा. उज्वलाने आखाजीची नवी साडी गुडघ्यांवर गोळा करून धरली. शेळीने जागेचा अंदाज घेतला, चारही पाय रोवले, मान वर केली आणि तिचं डावं शिंग छताच्या त्या भोकात जाऊन बसलं. अगदी मापात. बावीस मिलिमीटर. त्यामुळे खड्ड्यांतून जाताना ती आमच्या सर्वांपेक्षा कमी हलत होती.

नामपूरच्या गल्लीत कांद्याच्या ट्रॅक्टरांची गर्दी होती. गाडी सासुरवाडीच्या दारासमोर आली आणि बंद पडली. लोक ओट्यांवर आले, ते मात्र माझ्या कल्पनेतल्यासारखंच. सासूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. नेमक्या त्याच वेळी पुंजाने शेळी आधी उतरवली. सासूबाईंनी घाईत ओवाळून टाकलेला तुकडा शेळीने वरच्या वर खाल्ला. पोट फुगलेलं जनावर खातंय म्हणजे बरं होणार, असं म्हणत पुंजा आनंदाने तिला दवाखान्याकडे घेऊन गेला. गल्लीत जे हसू पिकलं ते मी सहन केलं.

ओट्यावर बसलेले मामा हसले नाहीत. त्यांनी मान वर केली होती आणि एक कान आमच्याकडे केला होता. मग ते उठले, भिंतीला हात लावत खाली आले. त्यांचा हात बॉनेटवर पडला, तिथून पुढच्या दारावर, तिथून मागच्या डाव्या दारावर. जे दार तीन आठवडे मला उघडता आलं नव्हतं ते त्यांनी थोडं वर उचलून ओढलं आणि सहज उघडलं. ते आत बसले. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"गाडी डाक्टरसनी धाडी का?"

आठ वर्षांपूर्वी मामांच्या ढवळ्या बैलाच्या डोळ्यात शिंग घुसलं होतं. सगळ्यांनी डोळा गेला म्हणून सांगितलं. मग सटाण्याचे डॉक्टर याच गाडीतून आले, लिंबाखाली बैलाला आडवं पाडलं आणि डोळा वाचवला. ढवळ्या त्यानंतर सहा वर्षं औताला चालला. ही हकिकत मामा प्रत्येक लग्नात सांगतात. जगात डोळ्याला हात लावू द्यावा असा माणूस त्यांच्या लेखी एकच होता, आणि तो गुरांचा डॉक्टर होता.

उज्वला माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही. ती नुसती बघत होती, आणि तिला काय हवंय ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. माझ्यापुढे माल होता, साफ खोटा. बावीस वर्षं माझ्या खिशात होती. मला एकदम त्या खिडकीतल्या बाई आठवल्या आणि कागदावरचं ते अजून न बदललेलं नाव आठवलं.

"हो मामा," मी मोठ्याने म्हणालो, "डॉक्टरांनीच पाठवली." आणि मग स्वतःशी पुटपुटलो, "कागदोपत्री गाडी अजून त्यांचीच आहे."

"मंग चला," मामा म्हणाले.

ज्या माणसाला गाडीत बसवायला दोन वर्षं गेली त्याला आता उतरवायला दोन तास लागले. उद्या आखाजी आहे, ऑपरेशनची तारीख चार दिवसांनंतरची आहे, हे सांगून पाहिलं. ते सीटवर मांडी घालून बसले होते. दुपारचं ताट सासूबाईंनी शेवटी गाडीतच नेऊन दिलं. आखाजीचा झोका बांधायला आलेल्या पोरींनी त्यांना तिथून उठवलं, कारण झोक्याला दोर कमी पडत होता आणि डिकीतला दोर त्यांना माहीत होता, आणि तो मागच्या सीटवरूनच ओढून काढावा लागायचा.

ऑपरेशन नाशकात ठरल्या दिवशी झालं. मामांनी डॉक्टरांना फक्त एवढंच विचारलं की तुम्ही बैलाचं पण करता का, आणि ते नाही म्हणाल्यावर थोडे नाराज झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मामांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग उज्वलाकडे बराच वेळ पाहिलं. "पांढऱ्या झाल्या गं माय तुन्या बटा," ते म्हणाले, आणि ती हसत हसत रडली. मग ते माझ्याकडे वळले. मुलगा बघायला आले होते तेव्हाची ती नजर.

बाहेर आलो. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून टायर पाहिलं, छताच्या भोकात बोट घालून बघितलं. मग बॉनेटपाशी थांबून म्हणाले, "डाक्टर दिवाळीलेच पुण्याले गयात, पोऱ्याकडे. निरोपना दिवशी हार मन्हा मळाना झेंडूना व्हता. मीच घाला त्यासना गळामा."

माझ्या हातातली किल्ली हातातच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"डोळा गयेल व्हता, डोकं नही."

"मग गाडीत बसलात कशाला?"

"दोन साल समदा मले खरं सांगी राहिंतात. डोळा जाई, आंधळा व्हसात. खऱ्याना भ्या वाटे. तुम्हीन एकलाच खोटं बोलनात. उजू सांगस, बावीस वरीसमा तुम्हीन खोटा शिक्का मारा नही. आनि मन्हासाठे मारा." त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "त्याले मी नापास कसा करू?"

"तसं ते अगदीच खोटं नव्हतं," मी म्हणालो, "आरसी बुकात अजून..."

"अहो, गप्प बसा," उज्वला म्हणाली.

मामांसाठी मागचं डावं दार मीच उघडलं, थोडं वर उचलून. पण ते आत बसेनात, तिथेच उभे राहिले. मी किल्ली फिरवली, इंजिनाने घसा खाकरला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बरीच माणसं बसली होती, त्यांत अंबडचे दोघेतिघे ओळखीचेही होते. मी कुणाकडे न बघता बॉनेट उघडलं, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पंपाला एक ठेवून दिली.

"जरा खाले, जवाईबापू," मामा म्हणाले. त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.